इंदूच्या लॅपटॉपचा फॉल्ट

"गव्हाणेबाई, तुमचा आवाज येत नाहीये. ऐकू येतंय का तुम्हाला?"

एवढं म्हणून पडद्यावरचे तिन्ही परीक्षक गोठले. मधे बसलेल्या देवस्थळी सरांचा हात चष्म्याकडे निघाला होता, तो वाटेतच थांबला. कोपऱ्यात ते गोल चक्र फिरायला लागलं. माझी बायको इंदू अर्ध्या ओळीवर बोट ठेवून तशीच बसून राहिली. मी उघड्या दाराबाहेर उभा होतो. परीक्षा चालू असताना खोलीत दुसऱ्या कुणी यायचं नाही, असा त्यांचा नियम होता.

"गेलं," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

वीस मिनिटांत तिसऱ्यांदा गेलं होतं. चारेक मिनिटांनी परत जोडलं गेलं, तेव्हा त्यांच्यातल्या बाई जरा अवघडूनच म्हणाल्या, "मॅडम, दोनदापेक्षा जास्त संपर्क तुटला तर अर्ज बाद करावा लागतो. मधल्या वेळात उमेदवारानं कुणाला विचारलं, कुठं बघितलं, आम्हाला कळायला मार्ग नसतो."

"खरं आहे तुमचं," इंदू म्हणाली.

देवस्थळी सरांनी चष्मा काढला. ते म्हणाले, "वाचन मात्र चांगलं चाललं होतं. एक करू. पुढच्या गुरुवारी अकरा वाजता पुन्हा बसू. पण त्या दिवशी लाइन एकदाही तुटता कामा नये बाई. मग माझ्याही हातात काही राहणार नाही."

या गोष्टीला आता चार वर्षं होऊन गेली. करोनाचं दुसरं वर्ष होतं ते. पुण्याच्या एका संशोधन संस्थेला जुने मोडी कागद वाचणारी माणसं हवी होती. घरबसल्या करायचं काम. इंदूनं मला न सांगता अर्ज केला होता, आणि वयाच्या एकसष्टाव्या वर्षी तिला परीक्षेचं बोलावणं आलं होतं. तिचे वडील परांड्याला अर्जनवीस होते, लोकांना अर्ज लिहून द्यायचे; त्यांच्याकडून ती लहानपणीच मोडी शिकली. लग्नात इतर सामानाबरोबर एक पत्र्याची पेटी आली होती, तीत सगळे तेच वेडेवाकडे फराटे असलेले कागद. दुपारी मी ड्यूटीवर असलो की ती ते वाचत बसायची. मी घरी आलो की पेटी बंद व्हायची. तिला एक नाद आहे, एवढंच मला माहीत होतं, आणि तेवढं मला पुरेसं वाटत होतं.

मी टेलिफोन खात्यात होतो, बार्शीत. एकतीस वर्षं लोक मला फॉल्टमन म्हणून ओळखत. कुणाचा फोन बंद पडला की सायकलला शिडी बांधून निघायचं, खांबावर चढायचं, लाइन कुठं तुटलीय ते शोधायचं. पुढं लोकांनी घरातले फोनच काढून टाकले, आणि मीही मुदतीआधी निवृत्ती घेतली. त्यानंतर मला कुणी काही दुरुस्त करायला सांगितलं नव्हतं.

त्या शुक्रवारी संध्याकाळी इंदू नेहमीसारखी पोळ्या लाटत होती. मी म्हटलं, "अगं, हा लॅपटॉप बदलू. शेट्यांच्या दुकानातून दुसरा आणू."

"त्यांनी या लॅपटॉपची नोंद करून घेतलीय. परीक्षेची खिडकी दुसऱ्यावर उघडतच नाही."

"मग वायर लावू राउटरपासून."

"वृषालीनं दिला तेव्हाच वायरीची जागा मोडलेली होती. आतल्या पिना वाकल्यात." तिनं पोळी उलटली. "तुम्ही नका त्रास करून घेऊ. माझं आपलं हौसेचं काम. नाही झालं तर नाही झालं."

उलटलेली पोळी करपलेली होती. इंदूची पोळी करपलेली मी तोवर पाहिली नव्हती.

वृषाली आमची मुलगी, हैदराबादला असते. लॅपटॉप तिचाच जुना, नऊ वर्षांचा. शनिवारी सकाळी मी तिला फोन लावला. ती एकेक सांगत गेली आणि मी चष्मा नाकावर घेऊन करत गेलो. राउटर बंद करून चालू केला. लॅपटॉपला आमचं वायफाय विसरायला लावलं आणि परत ओळख करून दिली. वीज वाचवायला तो मधेच वायफाय झोपवतो, म्हणून तिथली खूण काढून टाकली. मग काहीतरी नवीन उतरवून घेतलं, त्यात पाऊण तास गेला.

"बाबा, एवढ्यानं व्हायला पाहिजे," वृषाली म्हणाली. "नाहीच झालं तर बाहेरून लावायचं एक छोटं वायफायचं बटण मिळतं, ते लावा."

शेट्यांना विचारलं. ते म्हणाले, "गव्हाणेसाहेब, मागवून देतो, पण सध्या माल यायला दहा दिवस धरा."

दहा दिवस आमच्याकडं नव्हते. मोबाइलवरून नेट देऊन बघितलं, तर आमच्या घरात मोबाइलची रेंज एवढी तोकडी की चित्रच सरकेना.

तेव्हा मी माझ्या पद्धतीनं निघालो. बिनतारी प्रकार मला कळत नव्हता, पण फॉल्ट शोधायची रीत माहीत होती. लाइन लांब असेल तर आधी निम्म्यावर तोडून बघायची. दोष एक्स्चेंजच्या बाजूला आहे की गिऱ्हाइकाच्या, तेवढं आधी कळलं पाहिजे. मी लॅपटॉपला चिकटून माझा मोबाइल ठेवला, दोघांना एकाच वायफायवर घेतलं आणि दोन्हीकडं व्हिडिओ लावले. थोड्या वेळानं इंदू वाचायला बसली, आणि लॅपटॉपचं नेट गेलं. मोबाइलवरचा बुवा कीर्तन करतच राहिला. म्हणजे राउटर सुटला. बाहेरून येणारी लाइनही सुटली. दोष लॅपटॉपात होता.

रविवारी मी लॅपटॉप घेऊन बसलो. वृषालीला व्हिडिओवर घेतलं आणि म्हटलं, तू तुझं काम कर, फक्त बंद करू नकोस. समोर जुनी डायरी ठेवली. केव्हा गेलं, किती वेळ गेलं, तेव्हा काय चाललं होतं, सगळं लिहायचं ठरवलं. दोन तास बसलो. डायरीचं पान कोरंच राहिलं. एकदासुद्धा गेलं नाही.

"झालं," मी इंदूला सांगितलं. "त्या वीज वाचवण्याच्या भानगडीनंच होत होतं."

सोमवारी इंदू सरावाला बसली. वृषाली तिकडून कागद दाखवणार आणि ही वाचणार. बाराव्या मिनिटाला गेलं. परत जोडलं, तर नवव्या मिनिटाला गेलं. मी बसलो, तर तासभर काही नाही. ती बसली की सात मिनिटांत खलास.

माझं डोकं तापलं. "तू काहीतरी करतेस," मी म्हणालो.

"काय करते?"

"ते मला काय माहीत. पण माझ्या हातात चालतं आणि तुझ्या हातात बंद पडतं. कुठंतरी भलतीकडं बोट लागत असणार तुझं."

तिनं हात मांडीवर घेतले. "मी वाचते. दुसरं काही करत नाही."

"वाचल्यानं कधी लाइन जाते का?"

"तुम्ही मला वाचताना कधी बघितलंय?"

तिनं हे भांडायच्या सुरात विचारलं असतं, तर मी उलटून बोललो असतो. तिनं साधंच विचारलं. मी आठवून बघायला लागलो. तेहेतीस वर्षांच्या संसारातली एक तरी वेळ सापडेल म्हणून आठवलं. नाही सापडली.

मंगळवारी सकाळी मी तिच्या शेजारी खुर्ची टाकली.

"तुम्ही इथं बसणार?" तिनं विचारलं.

"फॉल्ट बघायला गिऱ्हाइकाच्या घरी जावंच लागतं," मी म्हटलं. "तू तुझं वाच. मी नाही असं समज."

तिनं पडद्यावर कागद उघडला. मला तो नुसता गुंता दिसत होता. अक्षराला अक्षर चिकटलेलं, शब्दाशब्दांत जागा नाही, लेखणी एकदा टेकली ती ओळ संपेपर्यंत उचललेलीच नाही. इंदूचे ओठ हलायला लागले आणि त्या गुंत्यातून माणसं बाहेर येऊ लागली. कुणी एक गिरमाजी. त्याचा बैल कुणी नेलेला. चावडीपुढं साक्षीला उभे राहिलेले चौघे. चौथा साक्षीदार खोटं बोलत होता, हे सांगताना तिचा आवाज किंचित बदलला. अडलेल्या शब्दापाशी ती मागं जायची, त्याच लेखणीतलं दुसरं अक्षर शोधायची, दोन्ही ताडून बघायची आणि पुढं निघायची. मी कशासाठी बसलोय तेच विसरलो.

"गेलं," ती म्हणाली.

मी भानावर आलो. "काय करत होतीस?"

"हा शब्द लागत नव्हता."

"मग?"

"मग काय, नीट बघत होते."

"परत कर. जसं केलंस तसंच."

तिनं मान पुढं घेतली, डोळे बारीक केले आणि डाव्या अंगठ्यानं स्क्रीन थोडी मागं ढकलली. खिडकीचा उजेड पडद्यावर पडत होता, तो टाळायला. ढकलतेय हे तिचं तिलाही कळत नव्हतं.

"थांब. हात काढ."

मी स्क्रीन पुढं ओढली. थोड्या वेळात नेट जोडलं गेलं. मागं ढकलली, गेलं. पुढं घेतली, आलं. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच. मी नुसता बसायचो तेव्हा स्क्रीनला हातच लावत नव्हतो. हिला शब्द अडला की ही स्क्रीन ढकलणार, आणि परीक्षेत तर शब्द अडणारच.

"इंदू, आत वायर आहे," मी म्हणालो. "बिनतारी म्हणतात, पण आत वायर आहे. आणि ती बिजागरीत तुटलीय. वायर वळणावर तुटते."

"मग मी स्क्रीनला हात लावणार नाही."

"तास-दीड तास तुझ्या ध्यानात राहील?"

तिनं विचार केला. "नाही राहणार. वाचताना नाही राहत."

दुपारी वृषालीला विचारलं. ती म्हणाली, हो बाबा, वायफायची अँटेना स्क्रीनच्या वरच्या कडेला असते, तिथून दोन बारीक वायरी बिजागरीतून खाली येतात. पण तुम्ही उघडू नका. उद्या चालूच नाही झाला तर परीक्षाच गेली.

ती म्हणत होती ते बरोबर होतं. त्या दिवशी मी स्क्रूड्रायव्हर काढला आणि परत ठेवला, दोनदा. खांबावर चढताना मला कधी भीती वाटली नव्हती. तिथं चूक झाली तर एका गल्लीचे फोन बंद पडायचे, दुसऱ्या दिवशी दुरुस्त व्हायचे. इथं दुसरा दिवस नव्हता.

बुधवारी सकाळी इंदूनंच टेबलावर पांढरी चादर अंथरली. लॅपटॉप पालथा ठेवला.

"उघडा," ती म्हणाली.

"बिघडला तर?"

"असा ठेवला तर उद्या नक्की बंद पडणार. उघडला तर निदान सांगता येत नाही." मग म्हणाली, "एवढी वर्षं गावाचे फोन तुमच्या भरवशावर होते की."

अकरा स्क्रू निघाले. ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं चादरीवर मांडले. झाकण सोडवलं आणि सगळ्यात आधी बॅटरीची जोडणी काढली. मग वायफायची पट्टी सापडली, पोस्टाच्या तिकिटाएवढी. तिच्यावर पितळेचे दोन ठिपके होते, मोहरीपेक्षा थोडे मोठे. एका ठिपक्यावर पांढरी वायर बसलेली होती. दुसरा ठिपका उघडा होता.

मी पांढऱ्या वायरीचा माग घेतला. डाव्या बिजागरीशी तिचं कवच घासून गेलं होतं आणि आतली तार मोडली होती. अगदी बारीक, पण मोडलेली तार मी हजारो वेळा बघितलीय.

"तुटलीय?" इंदूनं विचारलं.

"हो. आणि ही मला जोडता यायची नाही. फार नाजूक आहे."

 मी उघड्या ठिपक्याकडं बघत होतो. जागा दोन असतील तर वायरीही दोन हव्यात. बोटानं चाचपत गेलो, तर बॅटरीच्या कडेखाली दबलेली काळी वायर सापडली. वृषालीनं तीन वर्षांपूर्वी बॅटरी बदलून घेतली होती, तेव्हा कुणीतरी ती काढली असणार आणि परत लावायची राहिली असणार. ही वायर उजव्या बिजागरीतून येत होती. मी ती इंच इंच तपासली. धडधाकट होती. इतकी वर्षं बिचारा लॅपटॉप एकाच वायरीवर चालत होता, आणि तीही मोडायला आली तेव्हा हे सगळं सुरू झालं.

आता काळ्या वायरीच्या टोकाची टोपी त्या ठिपक्यावर बसवायची होती. माझी बोटं जाडी, तारा ओढून राठ झालेली. टोपी घसरायची. तीनदा घसरली. जास्त दाबली तर चेपेल, म्हणून दाबवतही नव्हतं.

इंदूनं तिचं कागद वाचायचं भिंग आणलं आणि वरून धरलं. "डावीकडं आहे अजून," ती म्हणाली. "थोडी वर घ्या. जास्त झाली. खाली. हां, आता बरोबर वर आहे. दाबा."

मी दाबलं. टक असा आवाज झाला. इतका लहान की दुसऱ्या कुणाला ऐकू आला नसता. आम्हा दोघांना आला.

अकरा स्क्रू परत बसवले. चालू करायचं बटण इंदूनं दाबलं. पडदा काळाच राहिला, दहा सेकंद, वीस सेकंद. मग उजेड आला.

वृषालीला व्हिडिओवर घेतलं. मी स्क्रीन मागं ढकलली, पुढं ओढली, परत ढकलली. दर वेळी डायरीत एक रेघ मारली. चाळीस रेघा झाल्या. वृषाली तिकडून म्हणाली, "बाबा, पुरे, मला गरगरायला लागलं." नेट एकदाही गेलं नव्हतं.

गुरुवारी अकराला इंदू बसली. मी दार लावून बाहेर स्टुलावर. आतलं सगळं ऐकू येत होतं.

तिला एका गावच्या विहिरीच्या पाण्याचा निवाडा दिला होता. सगुणाई नावाची विधवा आणि तिचे दीर यांच्यातला तंटा. इंदू वाचत गेली. अर्धा तास झाला. मधेच ती थांबली, आणि खुर्ची करकरली. मला न बघताही दिसलं की ती पुढं वाकलीय आणि अंगठा स्क्रीनला लागलाय. 

"सगुणाईने पाणी आपले पाळी न सोडावे," इंदूनं वाचलं.

लाइन टिकली होती, कारण लगेच देवस्थळी सरांचा आवाज आला. "बाई, आमच्याकडच्या प्रतीत ते 'आपले पाळीन सोडावे' असं लावलंय. म्हणजे पाळीनं सोडावं. पाळी आली की तिनं पाणी दिरांना सोडून द्यावं."

 मी स्टुलावर ताठ झालो. माघार घे, असं वाटलं मला. मोठी माणसं आहेत, म्हणतात तर घे माघार.

"सर, कागदात 'न' कुणालाच चिकटलेला नाही, किंवा दोघांनाही चिकटलाय म्हणा," इंदू म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू येईना, इतका स्थिर होता. "पण खाली सहावी ओळ बघा. दिरांनी तंटा केल्यास गुन्हेगारी द्यावी, म्हणजे दंड भरावा, असं आहे. पाणी दिरांनाच मिळणार असतं, तर तंटा त्यांनी कशाला केला असता? आणि याच लेखकानं वर दोनदा 'पाळीने' लिहिलंय, दोन्हीकडं मात्रा दिलीय. इथं मात्रा नाही. 'न' पुढच्या शब्दाचा आहे. आपल्या पाळीत पाणी न सोडावे. निवाडा सगुणाईच्या बाजूनं झालाय."

बराच वेळ कुणी बोललं नाही. एरवी मी लाइन गेली असं समजलो असतो. पण मला खात्री होती. लाइन गेलेली नव्हती, तिकडं ते तिघं कागद बघत होते.

"अकरा वर्षं," शेवटी देवस्थळी सर म्हणाले. "अकरा वर्षं आम्ही हा कागद विद्यार्थ्यांना शिकवतोय, आणि त्या बाईला हरवतोय." मग ते हसले. "पुढं वाचा, बाई."

साडेबाराला इंदू बाहेर आली. पदरानं कपाळ पुसलं. "मधे गेली होती का हो लाइन? माझं लक्षच नव्हतं."

"एकदाही नाही."

"बरं झालं." ती स्वयंपाकघराकडं वळली. "भात टाकते."

"भात राहू दे," मी म्हटलं. "त्या सगुणाईचं पहिल्यापासून सांग. मी बाहेरून ऐकलं, पण सुरुवात नीट नाही ऐकू आली."

ती माझ्याकडं बघत उभी राहिली, मी चेष्टा करतोय की काय ते ताडत. मग येऊन बसली. त्या दिवशी आम्ही तीन वाजता जेवलो. दिरांची नावं, विहिरीच्या मोटा, पंचांपुढं सगुणाई काय बोलली, सगळं तिनं सांगितलं. आणि मग मी तिची पत्र्याची पेटी माझ्या हातानं बाहेर काढली.

आठ दिवसांनी संस्थेचा फोन आला. चौतीस उमेदवारांत तिचं नाव पहिलं होतं. सगुणाईच्या कागदाचा अर्थ त्यांनी बदलून घेतला होता, आणि खाली नवं वाचन कुणाचं तेही लिहिलं होतं. इंदू 'हो सर, हो सर' म्हणत होती. मी समोर पेपर धरून बसलो होतो.

मग देवस्थळी सरांनी काहीतरी विचारलं असावं, कारण ती म्हणाली, "नाही सर, नवा नाही घेतला. तोच आहे लॅपटॉप." आणि माझ्याकडं बघत पुढं म्हणाली, "आमच्या घरात फॉल्टमन आहेत ना."

खात्यातून निघालो तेव्हा मला शाल मिळाली होती, नारळ मिळाला होता, दोन भाषणंही झाली होती; पण तेव्हा असं उठून बाहेर जावं लागलं नव्हतं. मी पेपर ठेवला आणि मागच्या अंगणात गेलो. इंदू फोन आटोपून आली, तेव्हा मी दोरीवरचे कपडे काढून खांद्यावर टाकत होतो.

"अहो, काय करताय? आत्ताच वाळत घातलेत ते," ती म्हणाली.

माझा अख्खा खांदा भिजला होता.